चौदा मार्चची भेट

९ एप्रिल
करसवलतीचा अर्ज आज एकदाचा भरायला घेतला. ग्लेंडा महिनाभर मागे लागली होती. "अगं, ती छत्री कंपनी मालकाच्या वाट्याचा विमाही तुझ्याच पगारातून कापते. निदान हक्काचं तरी सोडू नकोस." तिचं बरोबर आहे. मी कंत्राटी समाजसेविका; माझा पगार ‘छत्री कंपनी’ म्हणतात त्या मधल्या कंपनीमार्फत येतो. ती कायम नोकरीत, माझी वरिष्ठ. तिला ही कटकट नाही. सवलत मिळते ती कामासाठी गाडीनं केलेल्या मैलांवर; घर ते ऑफिस मैल धरत नाहीत. ऑफिसातून मुलं नीट आहेत ना ते बघायला घरोघरी जाते, तेवढे धरतात. पण प्रत्येक फेरीची तारीख, पत्ता, मैल — मी कुठे लिहून ठेवलंय! ऑफिसच्या भेटींच्या नोंदींवरून उतरवतेय.

१० एप्रिल
१४ मार्च — टॅरिन ब्लॅकलॉक, सीहॅम. जाऊन-येऊन अकरा मैल.
लिहिता लिहिता हात थांबला. त्या दिवशी गाडी गॅरेजात होती.

११ एप्रिल
इथे तरी खरं लिहिते. टॅरिनच्या शेजारच्या नॉर्माबाईंनी ऑफिसला फोन केला होता — "तिच्याकडे एक नवा माणूस राहायला आलाय. बाळाचं रडणं काही बरं वाटत नाही. कुणीतरी येऊन बघा." माझ्याकडे सव्वीस मुलांची प्रकरणं. बसनं गेले असते तर सगळी दुपार गेली असती. म्हणून टॅरिनला फोन केला. "फिन मजेत आहे. दूध पिऊन झोपलाय," ती म्हणाली. मी नोंद केली: घरी भेट दिली. बाळ झोपलेलं. अंगावर खुणा नाहीत.
दोन दिवसांनी जाईन म्हटलं होतं. गेले नाही.

१४ एप्रिल
ती ओळ गाळून यादी ग्लेंडाच्या सहीला दिली. तिनं बोट फिरवत तपासली.
"चौदा मार्च राहिला की."
तिनं भेटींच्या नोंदी उघडल्या.
"गेली होतीस ना? नोंद आहे इथे."
"हो."
"मग घाल."
घातला. अर्ज गेला.

१६ एप्रिल
सीहॅमला गेले. दार कुणी उघडलं नाही. वरच्या खिडकीत एक माणूस चहाचा मग घेऊन उभा. माझ्याकडे बघत सावकाश चहा पीत राहिला.
नॉर्माबाई बाहेर आल्या. "आलीस का पोरी? महिना झाला फोन करून." टॅरिन बाळाला घेऊन आईकडे गेलीय म्हणाल्या. "सतरा मार्चपासून दुपारचं मीच सांभाळते त्याला. तेवढाच त्या माणसापासून लांब. ये, चहा टाकते."
घाई आहे म्हटलं. त्यांच्याकडे बघवेना.

१७ एप्रिल
ग्लेंडाला सांगायचं ठरवून गेले. तिच्या दारापर्यंत गेले.

२३ एप्रिल
फिन हॉस्पिटलात. हात मोडलाय. एक्स-रेत दोन बरगड्याही मोडलेल्या दिसल्या — त्या जुन्या, महिनाभरापूर्वीच्या, आपोआप भरून आलेल्या. सात महिन्यांचं पोर. जगेल म्हणतात.
पोलीस ऑफिसात आले. त्यांच्यातल्या बाईनं माझी नोंद मोठ्यानं वाचली.
"हे तुम्हीच लिहिलंत?"
"हो."
जिन्यात ग्लेंडा हळूच म्हणाली, "बरं झालं, अर्जात ते मैल घातलेस. गेल्याचा आणखी एक कागद झाला."

२४ एप्रिल
ग्लेंडा सांगत होती, टॅरिननं जबाब दिलाय. म्हणे मी चौदाला आले होते, चहा घेतला, फिनला उचलून पाहिलं, हसलेसुद्धा.
मला वाचवायला ती कशाला खोटं बोलेल? दिवसभर तेच डोक्यात.

२५ एप्रिल
कळलं. मला नाही, त्या माणसाला वाचवतेय.

२६ एप्रिल
सकाळी पोलिसांनी नॉर्माबाईंना पकडून नेलं. माझी नोंद आणि टॅरिनचा जबाब म्हणतो चौदाला बाळ धडधाकट होतं, सतरापासून दुपारचं ते त्यांच्याकडे — मग बरगड्या मोडल्या कुणी? असा सरळ हिशेब.
कोट घातलाय. ठाण्यात जाऊन काय म्हणायचं ते आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं: मी त्या घरी गेलेच नव्हते.