सब्ज्याचं बी

शर्क, कुवेत
मार्च १९५८

अमिरुन्निसा चाची, सलाम.

मुस्तफा चाचांच्या कबरीवर पेरायला तुम्ही दिलेलं सब्ज्याचं बी घेऊन मी इथल्या जुन्या कब्रस्तानात गेलो. आपल्या गावासारखी नावाची पाटी इथे कुणाच्याच कबरीवर नाही. डोक्याशी एक दगड, बस्स. रखवालदाराला विचारलं, तेल निघण्याआधी आमच्या चाचांसारखे गलबतांवरून आलेले हिंदी खलाशी कुठे पुरलेत? त्याने हात फिरवून सगळं मैदान दाखवलं.

बी परत नेववेना. एका दगडापाशी फातिहा पढलो आणि तिथेच पेरलं. पाणी इथे विकत घ्यावं लागतं. दर जुम्म्याला माझ्या पिण्याच्या पाण्यातलं थोडं तिथे नेतो.

प्रत्येक पत्रात तुम्ही विचारता, सब्जा उगवला का. उगवलाय, वीतभर झालाय. पण 'चाचांच्या कबरीवर' असं लिहिताना हात थांबतो, म्हणून हे पत्र ट्रंकेतच ठेवतो.

तो दगड कुणाचाही असो, चाची. या मुलखात आठवड्यातून एकदा मला कुणाकडे तरी जायचं असतं. आणि मी इथेच मेलो, तर माझ्याही दगडाला कुणीतरी आपलं माणूस समजून पाणी घालावं, एवढीच दुवा मागतो.

तुमचा पुतण्या,
नझीर