दुसऱ्या चौकोनातली खूण

तारीख १९, गुरुवार
दुपारचे तीन

प्रिय पलीकडचे,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. आईचा खोकला गेला. बाबांनी समोरच्या बेकरीचा काटा दुरुस्त केला, तर बेकरीवाल्याने खूश होऊन अख्खा केक दिला. वरच्या चेरीवरून धाकट्या मापट्याची आणि माझी जुंपली, आणि अर्थातच तो जिंकला. त्याचा हलणारा दात अखेर पडला. त्याने तो दुकानातल्या छोट्या काट्यावर ठेवला, तर अर्धा ग्रॅमसुद्धा भरेना. त्याचा एवढा अपमान झाला की दुपारभर तोंड फुगवून बसला होता.

तुझी चारही पत्रं मिळाली. तुला मात्र माझ्याकडून चार वेळा कोरा कागद आला. इकडून चार ग्रॅम ठेवल्याशिवाय तिकडचे चार ग्रॅम येत नाहीत, आणि मला तुझी पत्रं हवी होती, उत्तर द्यायचं नव्हतं. एवढी मी नालायक आहे. आज लिहितेय तेही सर्वात पातळ कागदांवर, दोन्ही बाजूंनी, मुंगीएवढ्या अक्षरात, म्हणजे सगळं चार ग्रॅममध्ये बसेल. डोळे ताणून वाच.

तुला माहीत आहे तेही लिहिणार आहे. मला ते एकदा ओळीने समोर मांडून बघायचं आहे, कारण गेले सात महिने मी ते कुणाहीसमोर मांडलेलं नाही.

आपल्या दोघींच्या दुकानांत मागच्या खोलीत आजोबांचा मोठा काटा टांगलेला आहे. पोतं ठेवा नाहीतर पोस्टकार्ड, बाबा त्याच्या दांडीला एवढं जपतात की तो दोन्हीला सारखाच खरा. पाच महिन्यांपूर्वी मी त्याच्या डाव्या पारड्यात काट्याच्या तपासणीची एक जुनी चिठ्ठी ठेवली होती. उजवं पारडं रिकामं होतं, तरी दांडी सरळ राहिली. मला वाटलं काटा गंजला. डोळे चोळले, तर पारड्यात माझीच चिठ्ठी, माझ्याच अक्षरातली, पण माझी नाही. तू तुझ्याकडे काटा पुसून हाताला लागेल ते ठेवून बघत होतीस आणि तुझ्या हाताला नेमकी तीच चिठ्ठी लागली होती. दोन्हीकडच्या डाव्या पारड्यांत सारखंच वजन असलं की अदलाबदल होते हे कळलं, मग आपली पत्रं सुरू झाली. दोन जगं, दोन दुकानं, एकच मुलगी दोनदा, याची आपल्याला केवढी मजा वाटली होती. तुला वाटली होती, असं म्हणायला हवं.

पहिल्याच पत्रात तू विचारलंस, तुझा मापट्या कसा आहे. मी लिहिलं, मजेत आहे.

तिथे खरं लिहिलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण तू लिहायचीस, आमच्या मापट्याने पंख्याला रुमाल बांधला, की मी आठवड्याने लिहायचे, आमच्याने टॉवेल बांधला. तू लिहिलंस त्याला सायकल येऊ लागली, मी लिहिलं आमचा अजून पडतो. तुझाच भाऊ थोडा बदलून मी तुला परत पाठवत होते, आणि ते लिहिताना मला तो दिसायचा, म्हणून लिहीतच राहिले. मग तू गंमत म्हणून सुचवलंस, एक दिवस आपणच काट्यात बसू या का. दोघींनी डाव्या पारड्यात बसायचं, खिशात वजनं भरून ग्रॅमपर्यंत एकच आकडा जुळवायचा, रविवारी सकाळी जायचं, संध्याकाळी परत. मी त्याच दिवशी हो कळवलं. संध्याकाळी परतताना जुळवायचा आकडा मी तुला जाऊन कळवते म्हणाले, कारण दिवसभराच्या खाण्याने वजन बदलेल. तू विश्वास ठेवलास. तू माझ्यासारखी नाहीस हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या रविवारी आठ तारीख होती. आज एकोणीस आहे.

तू माझ्या घरात शिरलीस तेव्हा काय झालं असेल ते मी रोज डोळ्यांपुढे आणते. दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर. आत बाबा खुर्चीत, हातात काही नाही. आई मावशीकडे राहायला गेलेली. आणि आतल्या खोलीत एकच पलंग. तिकडून तुझं पहिलं पत्र होतं, ‘खेळ पुरे, मापट्या कुठे आहे?’ दुसऱ्यात तू काहीच विचारलं नव्हतंस, म्हणजे भिंतीवरचा फोटो तुला दिसला होता. तिसऱ्यात दोनच शब्द, ‘आकडा सांग.’ ते वाचलं तेव्हा मी तुझ्या मापट्याला गणितं शिकवत होते. कागद घडी करून खिशात घातला आणि त्याला म्हटलं, चल, पुढचं सोडव.

आता ती चिठ्ठी.

तुझ्या चिठ्ठीवर दोन चौकोन आहेत आणि दोन्हींत खूण आहे. माझ्या चिठ्ठीवर दुसरा चौकोन रिकामा आहे. आपल्या घरी हे दूध पितानाच शिकवतात. दांडीचा एक हात केसभर लांब असला तर काटा दर वेळी एकाच बाजूला खोटं बोलतो आणि एकदा मोजून ते कधीच कळत नाही. म्हणून पारडी अदलायची, वजन इकडचं तिकडे ठेवायचं, पुन्हा बघायचं, मग दुसऱ्या चौकोनात खूण. बाबा बाहेर गेले होते. इस्पितळातल्या औषधं बनवणाऱ्या काकांचा छोटा काटा तपासायचा होता, मुलांच्या पुड्या ते त्याच्यावर मोजतात. मी पहिल्यांदा मोजला, बरोबर आला. तेवढ्यात मापट्या दारात येऊन म्हणाला, ताई चल ना, सगळे थांबलेत. तुझ्याकडेही तो आला होता, तू एका पत्रात सहज लिहिलं होतंस. तू त्याला म्हणालीस, थांब. मी म्हणाले, आले.

एवढंच. आपल्या दोघींत बाकी काही फरक नाही, मी खूप शोधला. मी बाबांचा शिक्का मारला आणि खेळायला गेले. आम्ही त्या दिवशी हरलो, तेही सांगते.

तीन आठवड्यांनी त्याच काट्यावर मापट्याच्या झटक्यांच्या औषधाच्या पुड्या मोजल्या गेल्या. अजून एका मुलीलाही बाधलं, ती वाचली. मापट्या गेला. आठ वर्षांचा होता. हे मी आज पहिल्यांदा लिहिलं. हात थांबला नाही याचं नवल वाटतं.

चौकशीला लोक आले तेव्हा बाबा म्हणाले, काटा मी तपासला होता. चिठ्ठीवर माझं अक्षर आहे. बाबा माझं अक्षर ओळखत नाहीत असं तुला वाटतं का? त्यांचा शिक्का काढून घेतला गेला. त्यानंतर ते माझ्याशी त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. एका घरात आम्ही एकमेकांना ताट वाढायचो आणि खाली बघून जेवायचो. आईला कुणीच काही सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं, नाहीतर ती मला सोडून गेली नसती.

तुझं चौथं पत्र काल आलं. तू लिहिलंयस की तुला बसवेना म्हणून तू दुकानातले पडून असलेले काटे काढलेस, एकेक पुसलास, मोजलास, पारडी अदलून पुन्हा मोजलास. बाबा दारात उभे राहून बघत होते, मग खाली बसले आणि खूप रडले, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, तू जेवलीस का. ते वाचून मी न्हाणीत जाऊन कडी लावली. मला मत्सर वाटला. मग वाटलं, बरंच झालं की. तिकडे बाबांना पारडी अदलणारी मुलगी मिळाली, इकडे मला मापट्या मिळाला, सगळं जुळलं, आता कशाला कुणी परत जायचं. कालपर्यंत मी हेच धरून होते. तुलाही हेच लिहून पाठवणार होते.

सुरुवातीला सगळे ठीक आहेत असं लिहिलं ते खरं नाही.

तुझ्या घरी मापट्याला संध्याकाळची पुडी तू देतेस. काकांच्या काट्यात खोट सापडल्यापासून डब्यातली पावडर तू स्वतः मोजतेस, हे तू मला सांगितलं होतंस आणि मी येताना पाठही केलं होतं. पहिल्या संध्याकाळी मी छोटा काटा समोर घेतला आणि वजन उचलायला चिमटा धरला. वजन पारड्यात पडेना, बाहेरच पडे. मला वाटलं, आज राहू दे, एका दिवसाने काय होतंय. दुसऱ्या दिवशीही तेच. आईला सांगायला हवं होतं की तू दे. पण तू रोज देतेस, मग मी का देत नाही, हे तिने विचारलं असतं. मी सांगितलं, दिली. नऊ दिवस सांगितलं. मापट्याला म्हटलं, आपलं गुपित, कडू औषधाला सुट्टी. तो खूश झाला.

मंगळवारी संध्याकाळी जेवताना त्याला झटका आला. बाबांनी त्याला कुशीवर धरलं, आई दार उघडं टाकून डॉक्टरीणबाईंकडे धावली. मी टेबलाच्या या बाजूला उभी होते आणि मला एक पाऊल टाकता आलं नाही. तो शुद्धीवर आला. वाचला. ऐकतेस ना, वाचला. बाई म्हणाल्या, औषधात खंड पडला का? आई म्हणाली, छे, माझी मुलगी एक दिवस चुकत नाही. ती तुझ्याबद्दल बोलत होती. मग मी सांगितलं, चुकलं. पुड्या दिल्या नाहीत एवढंच सांगितलं, का ते नाही. आईने मला मारलं नाही, डबा उचलला आणि आपल्या खोलीत नेला. आता ती देते.

आज सकाळी मी त्याच्याजवळ बसले होते. तो अजून जरा मंद आहे, पण बोलतो. माझ्याकडे बघून म्हणाला,

“तू ताई नाहीस ना?”

मी म्हटलं, वेडा आहेस का.

“ताई दोनदा मोजते,” तो म्हणाला. “ती कधी येणार?”

मी त्याला खोटं सांगू शकले असते. त्यात माझा हात चांगला बसला आहे. मी म्हणाले, रविवारी. तो बरं म्हणाला आणि झोपला.

म्हणून रविवारी. सकाळी नऊला बाबा बेकरीत जातात तेव्हा. त्याआधी तू बाबांना काही सांगू नकोस. दुसरा चौकोन मी रिकामा सोडला हे त्यांना मीच सांगणार आहे. ते माझ्याशी पुन्हा बोलायचे थांबले तर तेही बरोबरच होईल. आईलाही मावशीकडे जाऊन सांगीन, तिने दार उघडलं तर.

इकडे आलीस की एक काम कर. मोठ्या काट्याची दांडी जिच्यावर टेकते ती पोलादी सुरी काढ आणि पुन्हा सापडणार नाही अशी टाकून दे. मी तिकडून शपथ घालू शकते, पण माझ्या शपथेचं काय मोल आहे ते तू अकरा दिवस बघितलंस. मी पुन्हा पुन्हा त्या पारड्यात कागद ठेवीन आणि दांडी सरळ होते का बघीन. ती होऊ देऊ नकोस. त्याच्याबद्दल काही कळवू नकोस. पुढच्या वर्षी तो केवढा उंच झाला तेही मला कळता कामा नये.

त्याचा दात निळ्या काडेपेटीत, तुझ्या टेबलाच्या खणात आहे. मी तो नेणार होते. नेत नाही.

रविवारी कमी पडेल तेवढी वजनं खिशात भरून आकडा पुरा करीन, तूही तसंच कर. आत्ता डाव्या पारड्यात बसून बघितलं, मग उतरले, आणि उजव्यात बसून बघितलं. दोन्हीकडून जुळतं.

त्रेचाळीस किलो, दोनशे ग्रॅम.

तुझी,
जी ‘आले’ म्हणाली ती