वलगावच्या वांग्याचं संरक्षण

३ मार्च
ठरलं. देशाची बौद्धिक संपदा वाचवायचं काम आजपासून मी हाती घेतो.
टीव्हीवर चर्चा होती. परदेशाशी मोठा व्यापार करार होऊ घातलाय आणि समोरची मंडळी पेटंट, ब्रँड, बियाणं या सगळ्याचे कायदे कडक करा म्हणून अडून बसलीत. सही होण्याआधी आपलं आपण नोंदवून ठेवलं नाही तर हातचं जाणार. सहा जण एकदम बोलत होते, तरी मुद्दा मला कळला. अमरावतीत या विषयाला हात घालणारा वकील मला तरी माहीत नाही. मी आजवर शेताच्या धुऱ्या-बांधाची भांडणं लढवली. आता पुरे.
बायकोला, कुंदाला, सांगितलं. ती म्हणाली, आधी मोरीचा नळ दुरुस्त करा.

५ मार्च
विषय ताटातच सापडला. भरीत.
वलगावच्या सत्यवतीबाई आमच्या दारावर भाजी देतात. त्यांचं भरताचं वांगं फिकट हिरवं, पातळ सालीचं, कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलं की नुसतं लोणी. बी त्यांच्या माहेरचं. लग्नात आईने ओटीत घातलेलं. म्हणजे पूर्ण बेवारस मालमत्ता. नोंद नाही, नाव नाही, कागद नाही. उद्या कोणी परदेशी माणूस खिशात घालून नेईल आणि आपल्यालाच विकेल. या काळजीने दुपारची झोप लागली नाही.

८ मार्च
वलगाव. सत्यवतीबाईंचे यजमान किसनराव हुशार माणूस. रॉयल्टी हा शब्द ऐकताच खुर्ची पुढे सरकवली. वाणाला नाव हवं. मी 'मोरेश्वर-१' सुचवलं. मला लोक मोरोपंत म्हणतात हा निव्वळ योगायोग. सत्यवतीबाई म्हणाल्या, "आमी तं त्याले वांगंच म्हणतो."
चौकशीत भयंकर प्रकार उघडकीला आला. ही बाई मागेल त्याला मूठभर बी देते. अकोटची बहीण, अचलपूरची नणंद, शेजारचा श्रावण. बदल्यात काही घेत नाही. एका साली हिचा वाफा जळाला तर अकोटहून बी परत आणलं. म्हणजे गळती दोन्हीकडून. तीन घरांत पडलेली वस्तू कोणता अधिकारी 'तुमची' म्हणेल?
संकल्प: सगळं बी परत मागवणे. एका ठिकाणी. एका कुलपात.

१२ मार्च
जुईलीचा फोन. अकोल्याला शेतकी शिकते. म्हणाली, बाबा, आपल्याकडच्या कायद्यात शेतकऱ्याला बी देण्याघेण्याचा हक्क आहे, नोंदणीसाठी ते थांबवायची गरज नाही. मी म्हटलं, आज आहे, करार झाल्यावर काय? ती म्हणाली, मग तोपर्यंत तरी देऊ द्या.
दुसऱ्या वर्षाला आहे. अनुभव नाही.

१६ मार्च
वसुली मोहीम फत्ते. एस.टी.ने अकोट, मग अचलपूर. प्रत्येकाकडून स्टँपपेपरवर लिहून घेतलं की घरात आता एकही दाणा शिल्लक नाही. अकोटच्या बहिणीने विचारलं, "ताईनं सोताच मांगतलं काय?" कायद्याच्या भाषेत उत्तर होय असंच होतं. तिने पुरचुंडी आणून समोर ठेवली आणि आत निघून गेली. चहाचं विचारलं नाही. गडबडीत असावी.
श्रावण मात्र देताना हसला. हसण्यासारखं काय होतं?

२० मार्च
ऐतिहासिक दिवस. किसनरावांनी झाडावर पिकवलेली वांगी फोडून यंदाचं बी काढलं. सत्यवतीबाई म्हणाल्या, "सावलीत वाळू द्या, मंग न्या." किसनरावांनाही घाई होती. करार कधीही होऊ शकतो. वाळवत बसायला देशाकडे वेळ नाही.
नवं-जुनं सगळं एकाच प्लास्टिकच्या बरणीत भरलं, हवा आत जाणार नाही असं झाकण, वर लाखेचं सील, तीन सह्या. बरणी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. कॅमेरा बसवला. किल्ली माझ्या जानव्याला.
सत्यवतीबाईंनी बरणीकडे पाहिलं आणि पदराला हात पुसले. भारावल्या असाव्यात.

२ एप्रिल
वलगावात शत्रू आला. परवानगीशिवाय. पांढऱ्या गाडीतून.
नाव गजेंद्र, धंदा केटरिंगचा, असं तो सांगतो. लग्नांच्या पंगतीला हे वांगं हवं, दर्यापूरकडच्या मळ्यात लावायला मूठभर बी मिळेल का, असं गोड बोलून विचारत होता. सत्यवतीबाईंच्या फडक्यात चार दाणे राहिले होते. ते काढायला त्या उठल्यासुद्धा. मी वेळेवर पोचलो. त्याला तीन कलमं ऐकवली. त्यातली दोन खरी होती. "काहून चिडून राहिले साहेब, भरीतच कराचं हाये ना मले," म्हणत निघून गेला.
ते चार दाणेही जप्त केले, सील उघडून बरणीत टाकले आणि पुन्हा लाख लावली.

१८ एप्रिल, दुपारी १
कपाटाला हात लावला तर चटका बसला. बरणीच्या आतल्या बाजूला थेंब जमलेत. म्हणजे बी श्वास घेतंय. जिवंतपणाचा यापेक्षा मोठा पुरावा नाही. फोटो काढून वाणाच्या नोंदणीच्या अर्जाला जोडला.
किंचित वास. वाणाचा खास सुगंध, असं नमूद केलं.

६ मे
पारा पंचेचाळिसावर. गच्चीवर कबुतरंसुद्धा बसत नाहीत.
किसनरावांना सांगून वांग्याची उभी झाडं उपटवली. फळ चोरलं तरी बी जातंच. त्यांनी बांधावर पेटवून दिली. वारा नव्हता, धूर बराच वेळ तिथेच थांबला. सत्यवतीबाई घरातून बाहेर आल्या नाहीत.
त्यांच्या अकोटच्या भाचीचं लग्न झालं म्हणे. यांना बोलावणं नव्हतं. घरगुती बाब, माझा संबंध नाही.

२८ मे
बरणीतल्या बियांवर काळे ठिपके दिसतात. पूर्वी नव्हते. वाणाचं वैशिष्ट्य म्हणून लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.
कुंदा म्हणते वास आता खालच्या खोलीत येतो. संकल्प: जुईलीला न विचारणे.

४ जून
किसनराव आले. वाफे टाकायची वेळ झाली, बी द्या. मी म्हटलं, अर्जासोबत पाठवायचा नमुना आधी. ते म्हणाले, "नमुन्याचं पाहू वकीलसाहेब, मले रोपं पाह्यजेत." आवाज पूर्वीचा नव्हता.
सील फोडलं. कुंदाने सगळ्या खिडक्या उघडल्या. बी गठ्ठ्याने निघालं. किसनरावांनी एक गठ्ठा हातात घेऊन बोटांनी फोडला. मी म्हटलं, वरचा थर आहे, खालचं चांगलं असेल. खालपर्यंत गेलो.
निम्मं त्यांनी नेलं, निम्मं मी जुईलीकडे पाठवतो. विज्ञान पुढे गेलंय.

१४ जून
स्वतः अकोल्याला. जुईलीने बिया धुऊन ओल्या कागदावर ठेवल्या होत्या. कागद उलगडून दाखवला. एकही कोंब नाही. बुरशी मात्र जोमदार. मी म्हटलं, आणखी थांबू. ती म्हणाली, बाबा, यात थांबण्यासारखं काही राहिलं नाही. मग मला पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

१९ जून
किसनरावांच्या वाफ्यात गवत उगवलं. फक्त गवत.
अकोटला फोन केला. बहीण म्हणाली, "तुमीच लिहून घेतलं ना, एकही दाना नाई म्हनून? नाई हाये." अचलपूरला तेच. श्रावणने दुकानातून बियाण्याचं पाकीट आणून रोपं केलीत. गजेंद्रने दुसरीकडून मिळवलं असेलही, पण त्याचा नंबर मी घेतलाच नव्हता.
कुठेतरी असेलच. जिल्हा मोठा आहे.

२ जुलै
टीव्हीवर कराराची चर्चा परत. तेच सहा जण. कुंदाने बंद केला. मी चालू कर म्हटलं नाही.

६ जुलै
वलगावला गेलो. काय बोलायचं ते गाडीत दोनदा म्हणून पाहिलं होतं. हवामान, आर्द्रता, पुढच्या हंगामाचा आराखडा. किसनराव शेतात विकतची रोपं लावत होते, त्यांनी मान वर केली नाही.
सत्यवतीबाई ओट्यावर कोथिंबीर निवडत होत्या. मी आराखडा सुरू केला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वकीलसाहेब, कोनी चोरून नेलं असतं तं बरं झालं असतं. त्याच्या दारी जाऊन मूठभर मांगून आनलं असतं."
त्यांनी चहा दिला. मी प्यालो.
आज दुसरं लिहिण्यासारखं काही नाही.