आईपेशीचे फुटवे

१५ जून १९५९
आज फुटवा निघताना प्रथमच धड दिसला. साडेदहाला पेशी नुसती गोल. अकराला कडेला टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा. मग तो फुगत गेला, मधली मान बारीक होत गेली, आणि बारा वाजता लेक आईएवढी नाही, पण जवळजवळ. काचेच्या सुईने अलगद बाजूला केली. मान तुटली तिथे आईच्या अंगावर वण राहतो म्हणे. माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला तो दिसत नाही.

भगवंतराव सरांचं काम साधं आहे — पावाच्या यीस्टला कोणत्या उष्णतेत एक फुटवा काढायला किती मिनिटं लागतात. मोजायचं, लिहायचं, पेशी फेकायची. माझी नेमणूक सप्टेंबरअखेरपर्यंत.

१६ जून
रात्रीच्या भाकऱ्या करताना आईला सांगत होते. आईला कुतूहल फार. निपाणीहून बंगळूरला उमाकांतदादाकडे आल्यापासून मी तिला रोज काही ना काही सांगते. तिने सगळं ऐकलं. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "लेकी मोजतीस ते बरं. पर त्या आईचं म्होरं काय हुतंय?"

उद्या सरांना विचारते, म्हटलं.

१७ जून
सरांना विचारलं. ते हसले, पण टवाळीने नाही. "शालन, त्यात आई आणि मुलगी असं काही नसतं. एकीच्या दोन होतात. दोघी सारख्याच. खाणं आणि जागा मिळाली तर यीस्ट मरत नाही." डिसेंबरच्या परिषदेत ते हेच सांगणार आहेत. मी म्हटलं, एक पेशी फेकली नाही तर चालेल का? "तुझं काम सांभाळून कर."

२२ जून
सुरू केलं. नुकतीच सुटलेली एक लेक घेतली, एकही फुटवा न काढलेली. काचपट्टीवर अगरच्या, म्हणजे खाणं मिसळलेल्या जेलीच्या, पातळ थरावर ठेवली. प्रत्येक फुटवा सुटला की सुईने दूर ओढायचा, आई तिथेच. दिवसात पाच. संध्याकाळी पट्टी फ्रिजमध्ये — थंडीत ती थांबते. शिवाप्पा आमचा प्रयोगशाळेतला जुना माणूस. फ्रिजच्या दारावर त्याने कन्नडमध्ये चिठ्ठी लावली: हात लावू नये.

२३ जून
दहा.

२५ जून
सतरा. आई आता चांगलीच मोठी दिसते. लेकी मात्र नेहमीच्या.

२६ जून
एकोणिसाव्याला तीन तास. अंग खडबडीत, आत दाणे दाणे. जेवायला उठले नाही. शिवाप्पा दोनदा येऊन गेला. "स्वल्प तरी खा अम्मा, ती कुठं पळून जाणार?" विसावा संध्याकाळी सुटला.

२७ जून
एकविसावा निघाला नाही. पाच वाजेपर्यंत बसले. संपली.

सरांनी डोळा लावून पाहिलं. "पट्टी सुकली असणार. तसं लिही." मी वहीत तसं लिहिलं. घरी येऊन आईला सांगितलं, ती मेली. आईने फक्त "व्हय?" म्हटलं आणि निवडायला घेतलेलं ताट खाली ठेवलं.

३० जून
पट्टी सुकली नव्हती. फ्रिजमध्ये न जाता टेबलावरच झाकून राहिली होती; आज फेकायच्या आधी सहज पाहिलं. शेवटची विसावी लेक, मी केसाच्या जाडीएवढ्या अंतरावर ओढून ठेवली होती, तिच्याभोवती दाट गर्दी झाली आहे. तोच थर, तेच खाणं, तोच ओलावा. लेक वाढली, आई थांबली.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "एका पेशीवरून?"

बरोबर आहे त्यांचं. एकीवरून नाही.

१९ जुलै, रविवार
सहा झाल्या: वीस, अठरा, तेवीस, सव्वीस, एकवीस, तेवीस. सातवी चालू आहे म्हणून आज सुट्टीचीही गेले. आईला सोबत नेलं. बसवनगुडीच्या घरून बसने. शिवाप्पाने कुलूप काढलं आणि तिला "बा अक्का" म्हणून आत घेतलं.

आईला एक डोळा मिटून दुसऱ्याने पाहणं जमेना. जमलं तेव्हा मात्र ती हलेना. मी म्हटलं, ही मोठी ती आई, एकविसावा चालू आहे. भिंगावरून डोळा न काढता म्हणाली, "थकलीया. दिसतंय की." मग, "मी नऊ बाळंतपणं काढली. मोजणारं कोण हुतं?"

मी पाठीवर हात ठेवला. ती बघतच होती.

"पर हिची लेक बघ. तान्हीच हाय. आईचं म्हातारपण तिला लागलं न्हाई."

बसमध्ये परतताना दुसरं काही सुचेना. लागलं नाही हे कशावरून? नुसतं लहान दिसणं पुरे नाही. मोजायला हवं.

२० जुलै
आईच्या त्या एकविसाव्या लेकीला वेगळ्या पट्टीवर घेतलं.

२५ जुलै
चोवीस फुटवे. थकलेल्या आईची शेवटाकडची लेक, आणि तिने पुरे चोवीस काढले. सरांच्या खोलीकडे निघाले आणि अर्ध्यातून परत आले. आणखी चार तशाच लेकी हव्यात.

२८ ऑगस्ट
चौदा आया, म्हाताऱ्या आयांच्या पाच लेकी. एकतिसाच्या पुढे कोणी गेली नाही. सरासरी बावीस, त्या पाच लेकींचीही तेवढीच. तक्ता स्वच्छ करून सरांपुढे ठेवला.

त्यांनी दोनदा वाचला. "काम नीट आहे. पण तुझी सुई त्या पेशीला वीस वेळा लागते. जखमेने मरते ती." मी म्हटलं, मग पाचवीला का नाही मरत? दहावीला का नाही? सगळ्या विशीच्या आसपासच कशा? ते म्हणाले, "परिषदेत मला हे विचारतील तेव्हा मी काय सांगू? माझ्या मदतनीस मुलीला असं वाटतं?"

तक्ता खणात गेला. नेमणूक वाढवायचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. दादाने निपाणीचं एक स्थळ पाहून ठेवलं आहे, "काम संपतंच आहे तर" म्हणतो.

रडले नाही. पण सुईबद्दलचं त्यांचं म्हणणं मी पुरतं खोडू शकत नाही, ते सलतंय.

५ सप्टेंबर
सुईचं तपासायला दोन नव्या आया घेतल्या. जिला लेकी ओढताना कमीत कमी धक्का दिला तिचे एकोणीस. जिला मुद्दाम चार वेळा जास्त डिवचलं तिचे पंचवीस. दोनच आहेत. लिहून ठेवते.

१४ सप्टेंबर
बोटीने आलेला विलायती विज्ञान-नियतकालिकाचा अंक वाचनालयात लागला. अमेरिकेत दोघांनी हेच केलंय — सुई, आई, एकेक लेक बाजूला. सरासरी साधारण चोवीस, आणि मग मरण. सर अंक हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "तुझं बरोबर होतं." पंधरा दिवसांपूर्वी मला एवढंच ऐकायचं होतं. आज मी विचारलं, "सर, थकलेल्या आईची लेक तान्ही कशी होते?" त्यांनी अंक मिटून टेबलावर ठेवला. मग माझ्यासमोर स्वतः स्टूल ओढून बसले. "मला माहीत नाही. तू काय पाहिलंस ते सांग. पहिल्यापासून."