बंद कीबोर्डावरची बोटं

बाई, तुमच्याबद्दल बुवापाड्यात अजून एक गोष्ट सांगतात. बाई गेल्यावरही अंधारात त्यांच्या कॉम्प्युटरचा आवाज येत होता म्हणे. नव्या सुनांनासुद्धा ती ठाऊक असते, आणि समाजमंदिरातल्या तुमच्या टेबलावर कुणी ना कुणी फूल ठेवून जातं. असल्या गोष्टींचा तुम्हाला किती तिटकारा होता! ती गोष्ट माझ्यामुळे पसरली. खरं काय झालं ते तुम्हाला तरी सांगावं, म्हणून लिहायला बसले आहे.

ते चार कॉम्प्युटर आपण उल्हासनगरहून रिक्षातून मांडीवर घेऊन आणले होते. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेलं भंगार, दुकानदाराने जोडून दिलेलं. "मॅडम, चलेगा क्या, दौडेगा! बस, लाइट की गॅरंटी मेरे पास नहीं," तो म्हणाला, आणि "लाइटचं आम्ही बघू" म्हणून तुम्ही मोकळ्या झालात. बघणार काय, कपाळ! बॅटऱ्या आपल्याला परवडणाऱ्या नव्हत्या. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून कंपनीत पॅकिंग करणाऱ्या आम्हा तिघींचा टायपिंगचा वर्ग समाजमंदिरात शुक्रवारी दुपारी, आणि लाइटही नेमकी शुक्रवारीच जायची. त्यात कंपन्यांच्या केमिकलच्या वाफेने कॉम्प्युटरच्या आतलं तांबं हिरवं पडतं, म्हणून तुम्ही खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. लाइट गेली की भरदुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख व्हायचा.

पहिल्यांदा गेली तेव्हा आम्ही हात मांडीवर घेऊन बसलो, तर तुम्ही कडाडलात, "लाइट गेली, तुमची बोटं गेली का गं? थांबायचं नाही!" तेव्हापासून तो नियमच झाला. आम्ही तिघी आणि चौथ्या तुम्ही, मेलेल्या कीबोर्डांवर टाइप करत राहायचो, कुठेच न उमटणारी अक्षरं. बाहेरची माणसं बंद दारावरून जाताना आतली खटखट ऐकून भराभर पाय उचलायची. मलाही भीती वाटायची, बाई. अंधारात कीबोर्डांचे आवाज मोजत बसले की चाराचे कधी कधी पाच भरायचे.

सकाळची शाळा करून तुम्ही थकून यायचात. एका शुक्रवारी तुम्हाला डुलकी लागली आणि माझ्या पलीकडे बसणारी फिदीफिदी हसली, तेव्हा तुमचं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं होतं. त्याच्या पुढचाच शुक्रवार. लाइट जाते. आम्ही चालू ठेवतो. थोड्या वेळाने माझ्या डावीकडचा तुमचा आवाज थांबतो. मला वाटतं, लागली परत डुलकी. "बाई थांबल्या काय गं?" पलीकडची विचारते. "नाय, चालू हायत ना," मी म्हणते, आणि डावा हात लांबवून तुमची बटणं दाबू लागते. उजव्या हाताने माझी. लाइट येईपर्यंत. बाईंची लाज राखली म्हणून मला माझंच कौतुक वाटत होतं.

लाइट आली तेव्हा तुम्ही खुर्चीत मान टाकून बसला होतात. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय. "पण आवाज तर आत्तापर्यंत येत होता!" बाकीच्या दोघी शपथेवर सांगू लागल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मीही हो म्हणून मान हलवली.

आता कुळगावात मीच वर्ग घेते. लाइट गेली की सगळ्यांना थांबवते आणि एकेकीला हाक मारते. ओ आल्याशिवाय पुढे जात नाही. सगळ्यांचे हात मांडीवर असतात, तरी डाव्या बाजूला एक बटण वाजत राहतं. मी तिकडे बघत नाही.

नवऱ्याला एकदाच सांगितलं. तो म्हणाला, "तुझा हात लागला असेल ना त्यांना?" मी म्हटलं, लागला, गार होता, केव्हाच गेल्या होत्या. "मग तुझा काय दोष?" म्हणून त्याने विषय संपवला. हे पत्र तुमच्या टेबलावर नेऊन ठेवणार होते, पण ते माझ्याच कपाटात राहील, कारण पुढचं कुणी वाचलेलं मला सोसणार नाही. हात गार नव्हता, बाई. तुमचं बोट माझ्या बोटाखाली हललं होतं. मला वाटलं, तुम्ही रागावून माझा हात झटकताय, म्हणून मी जरा सरकून शेजारचं बटण दाबलं.