सिनेमातली नटी आणि माझी बायको

रविवार, संध्याकाळ, तुआस

जहाजगोदीच्या कामगारांच्या रूमवर कोणीतरी जुना इंग्रजी सिनेमा लावला होता. नवराबायको दोघं नाटकवाले. घरात भांडतात आणि स्टेजवर गळ्यात पडतात. सगळे हसत होते, मला हसू येईना. माझी सुनीता तिकडे गावाकडे झाडीपट्टीच्या नाटकात काम करते, रोज दुसऱ्याच कोणाची बायको होऊन. फोन लावून म्हटलं, "नाटक सोड."

"तुम्ही तिकडे जहाजं रंगवता, मी इथे तोंड रंगवते. सोडा की तुम्हीपण."

चिडून विचारलं, "माझ्यावर जीव आहे का तुझा?"

"आहे हो," म्हणाली. काय गोड म्हणाली! सिनेमातला नवरा खरं की नाटक हे ओळखायला निदान बायकोचे डोळे तरी बघू शकत होता. मी काय बघू?

म्हणून परत विचारलं. परत त्याच सुरात, तेवढंच गोड, "आहे हो."