बातमी ग्रुपवर टाकू नये

मी, श्रीमती सत्यशीला बद्रीनाथ खरवडे, वय चौऱ्याहत्तर, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. रक्तदाब गोळीमुळे ताब्यात आहे; डोकं बिनगोळीचं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

माझ्या नावावरचा राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव मुलगा तेजस व मुलगी अस्मिता यांना समसमान मिळावी. नारायण पेठेतल्या दुकानात मी ज्यावर फॉल-पिको केलं, ते शिलाई मशीन अस्मिताचं. तेजसला बटणही लावता येत नाही. माझी जाऊ चंपा हिला पितळी परात द्यावी. तिने ती कधी मागितली नाही, फक्त दर वेळी वाजवून पाहिली.

फ्लॅटचं पुढे काय करायचं ते दोघांनी बोलून ठरवावं. अडचण इथेच आहे. यजमान गेले तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, ती दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. त्या दिवशी तेजस दवाखान्यात एकटा होता. त्याने ‘बाबा गेले’ एवढंच फॅमिली ग्रुपवर टाकलं. अस्मिताने ते कंपनीच्या बसमध्ये, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकच्या फोटोखाली वाचलं.

तो म्हणतो, “चाळीस जणांना एकेक फोन करत बसू का?”

ती म्हणते, “चाळीस जणांतली एक का मी?”

दोघंही हे मलाच ऐकवतात. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तेजसच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, हे मी अस्मिताला कितीदा सांगितलं. तिला ते त्याच्याकडून ऐकायचं आहे.

म्हणून, माझ्या मृत्यूची बातमी कोणत्याही ग्रुपवर टाकू नये. तेजसने आधी अस्मिताला फोन करावा आणि तिने तो उचलावा.

वकील रुपाली म्हणाली, “काकू, हे कायद्यात बसत नाही.”

“नसेल. तरी लिही.”

तेजसला काही सुचलं नाही तर त्याने नुसतं रडावं. अस्मिताने फोन ठेवू नये. बाकीच्यांना उशिरा कळलं तरी चालेल; मला कुठे जायची घाई नसेल.

मी गेल्यावर हे वाचून उपयोग नाही, म्हणून दोघांना प्रती आजच पाठवत आहे.

स्थळ: कर्वेनगर, पुणे
दिनांक: १४ जून २०२५

सही: सत्यशीला बद्रीनाथ खरवडे

साक्षीदार (यांना यातून चहाखेरीज काही मिळालेलं नाही):
१. नम्रता अविनाश पोंक्षे
२. मच्छिंद्र दगडू शेवाळे